स्मरणचित्राचा पेपर

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोनवर विषय दिला होता, 'आयटी क्षेत्रातील संधी आणि आव्हाने'. मी हो म्हणून टाकलं आणि आठवड्यानं परत फोन करून विषय बदलून मागितला. संधींबद्दल आपल्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. आव्हानाचं म्हणाल तर ते मला दर सोमवारी सकाळी साडेनऊच्या मीटिंगमध्ये भेटतं, त्यावर वीस मिनिटं बोलण्यासारखं काही नाही. त्याऐवजी हॉलच्या दारातून आत येताना डाव्या हाताला इझलवर जे चित्र ठेवलं आहे, त्याबद्दल बोलते. बऱ्याच जणांनी ते पाहिलं. दोघांनी मला विचारलं, "मधली तू का?" मी उजवीकडची. म्हणजे माझा चेहरा मला किती जमला आहे, ते तिथंच कळलं.

चित्रात तीन मुली पायरीवर बसल्या आहेत. पायरी ओळखीची वाटली असेल, प्रयोगशाळेसमोरची. मधली सध्या नाशिकला बँकेत आहे आणि आत्ता दुसऱ्या रांगेत बसून माझ्याकडे रागानं बघते आहे, कारण तिच्या मते मी तिचं नाक मोठं केलं. डावीकडची कोण, हे बऱ्याच जणांना आठवलं नाही. आठवावं म्हणूनच तर चित्र काढलं होतं. पण काढताना जे झालं ते वेगळंच झालं.

सुरुवात २०१९ ची. ऑफिसच्या कामासाठी दिल्लीला गेले होते. दुपारची मीटिंग रद्द झाली आणि विमान रात्रीचं. इंडिया गेटजवळ जयपूर हाउसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, तिथं एसी असेल म्हणून शिरले. खोटं सांगत नाही, एसीसाठीच. आणि आत अमृता शेरगिलचं 'थ्री गर्ल्स' समोर आलं.

हे चित्र १९३५ चं. तीन मुली जवळजवळ बसल्या आहेत. मागे खिडकी नाही, कोनाडा नाही, झाड नाही. नजरा खाली, बाजूला. कोणी कोणाकडे बघत नाही, आपल्याकडेही नाही. तीन अंगं इतकी जवळ आणि तीन मनं तीन गावांना. काहीतरी ठरलेलं आहे, ते त्यांना विचारून ठरलेलं नाही, आणि त्या ते होण्याची वाट बघत आहेत, असं काहीसं मला वाटलं. मी तिथं किती वेळ उभी होते ते माहीत नाही. सुरक्षारक्षक दोनदा येऊन बघून गेला. आणि मला आपली पायरी आठवली.

अमृताबद्दल थोडं सांगते, कारण आमच्या वेळी ती कुठल्या धड्यात भेटल्याचं मला आठवत नाही. जन्म १९१३, बुडापेस्टचा. वडील पंजाबातले सरदार, संस्कृत-फारसीचे अभ्यासक आणि हौशी छायाचित्रकार. आई हंगेरियन, गाणारी. सोळाव्या वर्षी ती पॅरिसला चित्रकला शिकायला गेली. तिथं विशीत असताना 'यंग गर्ल्स' या चित्राला सुवर्णपदक मिळालं. १९३४ च्या शेवटी सगळं सोडून भारतात परतली, आणि पुढच्याच वर्षी हे 'थ्री गर्ल्स'. त्याला १९३७ साली आपल्या मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. ५ डिसेंबर १९४१ ला लाहोरला ती वारली, वय अवघं अठ्ठावीस. अठ्ठावीसाव्या वर्षी मी बंगळूरला दुसऱ्याच्या प्रोग्राममधल्या चुका शोधत होते. आज तिची चित्रं राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर आहेत, देशाबाहेर नेता येत नाहीत. तिचं 'द स्टोरी टेलर' २०२३ साली लिलावात ६१.८ कोटींना गेलं. ही बातमी वाचल्यापासून आमच्या घरी माझे वाळत ठेवलेले कॅनव्हास जरा आदरानं उचलले जातात.

दिल्लीहून आले आणि वर्षभरात लॉकडाऊन लागला. घरात बसून बसून मी ऑनलाइन तैलरंगांचा क्लास लावला, पुढं तो पुण्यात प्रत्यक्ष रविवारी सुरू झाला. पाच वर्षं वांगी, तांब्या, कांदे आणि खिडकीतली कुंडी रंगवली. आपल्या मेळाव्याचा व्हॉट्सॲप ग्रुप यंदा जानेवारीत सुरू झाला आणि कोणीतरी आठवीच्या स्नेहसंमेलनातला एक फोटो टाकला. प्रयोगशाळेची पायरी, आणि आम्ही तिघी. फोटो इतका उडालेला की चेहऱ्यांच्या जागी तीन फिकट डाग. पण बसण्याची तऱ्हा ओळखू येत होती. मी ठरवलं की हेच रंगवायचं, अमृताच्या पद्धतीनं, आणि शाळेला द्यायचं.

तिसरीबद्दल आता सांगते. नाव सांगत नाही, तिनंच नको म्हणून सांगितलंय. "भाषणात माझं नाव घेतलंस तर उठून जाईन," असे शब्द आहेत. आमच्या वर्गात चित्र येत होतं ते तिला. आठवीत आपण एलिमेंटरीला बसलो होतो. वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन आणि स्मरणचित्र. मला सी ग्रेड मिळाली, ती सुद्धा भूमितीच्या जिवावर. तिला ए. स्मरणचित्राच्या पेपरला मी माणसं पाठमोरी काढायचे, कारण चेहरा काढावा लागत नाही. ती माणसं समोरून काढायची, वळलेली, वाकलेली, डोक्यावर ओझं घेतलेली. सर तिचा कागद सगळ्या वर्गाला फिरवून दाखवायचे.

नववीत दिवाळीआधी अजिंठ्याच्या सहलीचे पैसे भरायचे होते. आम्ही दोघींनी भरले. तिनं भरले नाहीत. आम्ही तिला विचारलं नाही. सुट्टी संपली आणि ती शाळेत आलीच नाही. वडील आदल्या वर्षी गेले होते, आई जिनिंगमध्ये कामाला, मागे दोन भावंडं. तिचं घर जिनिंगच्या मागं, शाळेपासून चालत दहा मिनिटं. आम्ही एकदाही गेलो नाही. का, ते आज मला नीट सांगता येत नाही. चौदा वर्षांच्या होतो, हे एक. आणि गेलो असतो तर काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं, हे दुसरं. डिसेंबरात सहल गेली. लेणी बघितली, म्हणजे अंधारात एकमेकींना चिमटे काढले, आणि परतताना गाडीत अंताक्षरी खेळलो.

हे मी तीस वर्षं कुठंतरी ठेवून दिलेलं होतं. 'थ्री गर्ल्स' समोर उभी राहिले तेव्हा ते वर आलं.

तर चित्र सुरू केलं. आणि सुरुवातच मी माझ्या धंद्याला शोभेल अशी केली. अमृताच्या चित्राचे चांगल्यातले चांगले फोटो मिळवले आणि त्यांतले मुख्य बारा रंग काढून देणारा छोटासा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक रंगाचा आकडा हातात आला. मग ट्यूबमधले रंग मिसळून, छोट्या चौकोनांवर लावून, फोनच्या कॅमेऱ्यानं तपासून मी ते बारा रंग तयार केले. तीन रविवार गेले. त्या बारा रंगांत पहिली मुलगी रंगवली आणि ती अशी दिसली, की जणू तिच्या अंगावर कोणी शेणकाला ओतला आहे.

चूक कुठं होती ते क्लासमधल्या सरांनी एका मिनिटात दाखवलं. त्यांनी माझा तोच तपकिरी रंग दोन ठिपक्यांत लावला, एक हिरव्याशेजारी, एक नारिंगीशेजारी. हिरव्याशेजारचा लालसर, उबदार दिसायला लागला. नारिंगीशेजारचा मेला. रंग एकच, आकडा एकच. शेजारी कोण बसलंय त्यावर तो काय आहे हे ठरतं. शिवाय मी ज्या तीन वेबसाइटवरून फोटो घेतले होते, त्या तिन्हींवर तिचे तपकिरी तीन वेगळे होते, हे मी आधी तपासलंच नव्हतं. ऑफिसात एखाद्या नवीन मुलानं असा डेटा आणला असता तर मी त्याला परत पाठवलं असतं.

मग सगळं खरवडून काढलं. तैलरंगाची एक चांगली गोष्ट म्हणजे तो लवकर वाळत नाही. पाण्याचे रंग पाणी उडून वाळतात. यात तेल उडत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. त्यामुळे दोन-तीन दिवस चूक पॅलेट नाइफनं उचलता येते. त्यानंतर मात्र परतीचा रस्ता नाही. आमच्या कामात प्रत्येक बदलाची आधीची प्रत जपून ठेवलेली असते, काही बिघडलं की मागं जायचं. इथं मागं जाता येत नाही, फक्त वरून जाता येतं. मी रोज फोटो काढून ठेवायचे. त्याचा उपयोग एवढाच की आठवड्यापूर्वीचं किती बरं होतं, ते कळायचं.

दुसऱ्या खेपेला शिस्तीत गेले. कॅनव्हास तीस इंच बाय चाळीस. पांढऱ्या जेसोवर बर्न्ट सिएनाचा पातळ हात, म्हणजे डोळ्यांवर येणारा पांढरा जातो आणि खालून एक तांबूस ऊब राहते. त्यावर रॉ अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फक्त उजेड आणि सावली. फोटो काढून तो काळा-पांढरा करून बघायचा, डोळे अर्धे मिटून बघायचा, आरशात उलटा बघायचा. आरसा फार दुष्ट असतो. मधलीचा एक खांदा चार बोटं वर आहे, हे मला समोरून पंधरा दिवस दिसलं नव्हतं, आरशात एका क्षणात दिसलं. मग वरचे थर. खालचे पातळ, वरचे अधिक तेलाचे, हा क्रम मोडायचा नाही. मोडला तर वरचा थर आधी घट्ट होतो, खालचा नंतर आक्रसतो आणि काही वर्षांनी चित्राला तडे जातात. आमच्या बाल्कनीत टर्पेंटाइनचा वास भरून राहिला. मुलानं घोषणा केली की तो बारावी होईपर्यंत आजीकडे राहील. गेला नाही.

पण तरीही चित्र अमृताचं वाटेना. वांगी-कांद्यांच्या सवयीनं मी प्रत्येक गोष्ट गोल करत होते. गाल गोल, हात गोल, वेणीचा पेड न् पेड वेगळा. फेब्रुवारीत घरच्यांना घेऊन अजिंठ्याला गेले. म्हटलं, ती जिथं शिकली तिथं जाऊन बघू.

१९३६ च्या अखेरीस अमृता अजिंठा-वेरूळला आली होती. तिथून ती दक्षिणेत गेली, कोचीनची भित्तिचित्रं पाहिली, कन्याकुमारीपर्यंत गेली, आणि शिमल्याला परतल्यावर १९३७ मध्ये 'ब्राइड्स टॉयलेट', 'ब्रह्मचारीज' आणि 'साउथ इंडियन व्हिलेजर्स गोइंग टू मार्केट' ही तीन मोठी चित्रं केली. त्याआधी, पॅरिसपासून, तिच्यावर गोगँ या फ्रेंच चित्रकाराची छाप होती, सपाट रंगांचे मोठे भाग आणि ठाम कडा. 'थ्री गर्ल्स' बघताना ती छाप कळते. म्हणजे मी जिची शैली उचलायला निघाले होते, तिनं स्वतः एकाकडून काही उचललं होतं, ते घेऊन घरी आली होती, मग आपल्या जळगावपासून साठ किलोमीटरवरच्या लेण्यांत येऊन आणखी काही उचललं होतं, आणि पुढं निघाली होती.

पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर या वेळी मी चिमटे न काढता उभी राहिले. तिथले हात बघा. बोटांची हाडं दिसत नाहीत, नखं बारकाईनं नाहीत, पण हात काय करतोय ते लांबून कळतं. कातडीचा रंग विटकरी, गेरूचा, मधेच हिरवट. आणि कडेची रेघ एकदाच ओढलेली, पुन्हा चाचपडत न गिरवलेली. सोळाव्या लेण्यात मान टाकलेली ती राजकन्या, तिच्या आजारपणाबद्दल चेहऱ्यापेक्षा मान जास्त सांगते. मला त्या क्षणी आपले चित्रकलेचे सर आठवले. एलिमेंटरीच्या आधी ते सारखे सांगायचे, "आधी अख्खा माणूस, मग बटणं." मी पंधरा वर्षं बटणं काढत होते, तेही सॉफ्टवेअरमध्ये.

घरी येऊन मी चित्रातून वस्तू काढायला लागले. पायरीवरच्या दप्तराला रजा दिली. मागची नोटीस बोर्डची भिंत पुसून एक सपाट, धुळकट पिवळा भाग केला. वेण्या एका आकारात आल्या. युनिफॉर्मचा निळा स्कर्ट तीन वेगळ्या निळ्यांत केला, म्हणजे तिघींचे तीन आकार एकमेकांत मिसळेनात. आणि कातडीला व्हिरिडियनचा हिरवा लावायचं धाडस केलं, सावलीत, अगदी थोडा. लावल्यावर शेजारचा तपकिरी जिवंत झाला. त्या दिवशी मी ऑफिसची मीटिंग चुकवली.

ऑगस्टपर्यंत चित्र झालं. तिघी बसल्या आहेत, नजरा खाली, तिघींच्या मांडीवर हात. डावीकडच्या तिसरीवर मी सगळ्यात जास्त राबले. तिची मान सगळ्यात खाली, खांदे पडलेले, तिच्यावरचा उजेड सगळ्यात कमी. मला ती आपल्या चित्रातली सर्वांत चांगली जागा वाटत होती. गणपतीत मी फोटो ग्रुपवर टाकला. अंगठे आले, फुलं आली, नाकाची तक्रार आली. आणि कोणीतरी, भुसावळच्या कोणीतरी, तो तिला पाठवला. ती ग्रुपवर नव्हतीच. तिचा नंबर कोणाकडे आहे का, असं आपण आठ महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. मीही नाही. तिचं चित्र काढत होते आणि विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी फोन आला. नमस्कार वगैरे काही नाही. "अगं, मी अशी मान घालून कधी बसले गं?"

मी काहीतरी बोलायला लागले. शैली, अमृता शेरगिल, त्या चित्रातला भाव. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते तिच्या पोरींचं. माझं काय?" मग म्हणाली, "आणि कोपर चुकलंय."

त्यानंतर आम्ही दीड तास बोललो. शाळा सुटल्यावर ती दोन वर्षं घरीच होती, शिवणकाम केलं, भावंडांना शिकवलं. लग्न अठराव्या वर्षी. आता भुसावळला रेल्वेच्या वस्तीजवळ तिचं पोळी-भाजी केंद्र आहे, सहा बायका कामाला आहेत. मी सहलीचं बोलून टाकलं. तीस वर्षं ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं, पैसे, दिवाळी, जिनिंगमागचं घर. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सहल मला आठवतही नाही. तू माझी कॅम्लिनची रंगपेटी परत केली नव्हतीस, ते आठवतंय. बारा रंगांची. नवी होती."

आणि मला आठवलं. इतक्या वर्षांत मी स्वतःवर जो आरोप ठेवला होता, तो जरा भारदस्त होता. खरी गोष्ट रंगपेटीची होती, आणि ती मी सोयीस्कर विसरले होते. ती पेटी माझ्याच घरी संपली. त्यातलाच निळा मी इंटरमीजिएटला वापरला.

फोन ठेवला आणि चित्रासमोर जाऊन बसले. एरवी चूक सापडली की बरं वाटतं, निदान कारण कळलं म्हणून. त्या रात्री वाटलं नाही. अमृताच्या चित्रातलं दुःख मी उचललं होतं, कारण ते तयार होतं आणि सुंदर होतं, आणि एका ओळखीच्या मुलीच्या अंगावर घातलं होतं. मापात बसतंय का, ते बघितलं नव्हतं. फोटोत चेहऱ्याच्या जागी फिकट डाग होता. तो डाग मी माझ्या अपराधीपणानं भरला आणि त्याला तिचा चेहरा म्हटलं. शैलीचा यात काही दोष नाही. अमृतानं तिच्या मुली समोर बसवून बघितल्या होत्या की नाही ते मला माहीत नाही, पण त्या चित्रासमोर उभं राहिलं की कोणीतरी कोणाकडे तरी खूप वेळ बघितलंय, हे कळतं. मी तेवढंच वगळलं होतं.

तिला म्हटलं, पुण्याला ये, मला बसून दे. ती म्हणाली, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी संपू देत. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली. दोन दिवस राहिली. सोबत पाच किलो भरताची वांगी, कारण पुण्याच्या वांग्यांवर तिचा विश्वास नाही. आल्या आल्या माझ्या रंगांचा खण उघडून बघितला. चाळीसेक ट्यूब. म्हणाली, "व्याजासकट झाली म्हणायची."

ती बसली. म्हणजे बसलीच नाही. पंधरा मिनिटांत लसूण मागून घेतला आणि सोलत बसली. बोलत होती, आमच्या स्वयंपाकाच्या बाईंना सूचना देत होती, फोनवर भुसावळला उद्याच्या पोळ्यांचा हिशेब सांगत होती, दोनशे चाळीस. मान खाली गेलीच नाही, लसूण न बघता सोलला जात होता. आणि बोलता बोलता मधेच थांबून ती समोरच्याकडे थेट बघते, तुमचं उत्तर काय येणार ते आधीच माहीत असल्यासारखं. आठवीतही अशीच बघायची. हे मला तिच्याकडे बघेपर्यंत आठवलं नव्हतं. स्मरणचित्राच्या पेपरात मला सी का मिळाली असेल, ते आता लक्षात येतं.

वाळलेला चेहरा मी नाइफनं खरवडला, ओला पॉलिश पेपर फिरवला, आणि पुन्हा रंगवला. मान वर आली. नजर सरळ. त्याबरोबर सगळं चित्र बिघडलं. दोन मुली खाली बघताहेत आणि तिसरी सरळ तुमच्याकडे, म्हणजे उजेडाचा तोल गेला, आमच्या दोघींचे खाली बघणारे चेहरे एकदम लाजल्यासारखे दिसायला लागले. मी ते दुरुस्त करायला गेले तेव्हा तीच म्हणाली, "राहू दे. तुम्ही दोघी तशाच बसायच्या." नाशिकवालीनं फोनवर निषेध नोंदवला आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसच्या कॉलवर होते. बाहेर आले तर ती इझलसमोर उभी, हातात माझा ब्रश. तीस वर्षांत तिनं ब्रश धरला नव्हता, रांगोळी सोडून. "कोपर बघवत नव्हतं," म्हणाली. तिनं तिचा स्वतःचा उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत पुसून पुन्हा काढला होता. रेघ एकदाच ओढलेली. बोटांची हाडं नाहीत, नखं नाहीत, पण हात पायरीवर टेकलाय आणि त्यावर भार आहे, हे कळतं. तेल किती घ्यायचं ते तिला ठाऊक नव्हतं, त्यामुळे रंग जरा जाड बसलाय. मी त्याला हात लावलेला नाही. तुम्ही बाहेर जाताना बघा, चित्रात तेवढा एक हात बरोबर आला आहे.

चित्र अमृता शेरगिलच्या शैलीतलं आहे का, असं कोणी विचारलं तर आता मला सांगता येणार नाही. मागची रिकामी भिंत तिची. सपाट निळे तिचे. सावलीतला हिरवा तिच्याकडे बघूनच आला. नजर तिची नाही, ती भुसावळची आहे.

ती आज आली आहे. चौथ्या रांगेत. उठून गेलेली नाही, म्हणजे मी नाव घेतलं नाही. तिच्याकडे वळून बघू नका, ती तुमच्याकडे बघेल.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. थंडीत तैलरंग हळू वाळतो. तिसरीचा चेहरा आणि तो हात अजून आतून ओला आहे. बोट लावलंत तर ठसा उमटेल आणि तो तसाच राहील, तेव्हा फोटो काढा पण लांबून. भिंतीवर लावल्यावर सहा महिने तरी ऊन येणार नाही, असं बघा, शिपाईकाकांना मी सांगितलं आहे. वॉर्निश वर्षभरानं करायचं असतं, म्हणजे पुढच्या डिसेंबरात. त्यासाठी मी येईनच. तीही येईल, भरीत आणि कळण्याच्या भाकरी घेऊन, असं तिनं कबूल केलं आहे. किती जण असतील, ते मात्र आठवडाभर आधी कळवा.